स्मार्ट मीटर दारात आला, पण वाडीवर रेंज कुठाय?

पेण-रोह्यात स्मार्ट मीटरवरची चर्चा एकाच प्रश्नावर अडते : बिल वाढणार का? जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. आता महावितरण पोस्टपेड टीओडी मीटर लावतं. पण हा मीटर रीडिंग पाठवणार कशावरून, हे कुणी विचारत नाही. खरी गोम तिथेच आहे.

मार्ग मुख्यतः दोन. एकात मीटरमध्ये सिम असतं, मोबाईल टॉवरवरून आकडे जातात. दुसरा आरएफ मेश. यात शेजारचा मीटर शेजारच्याला निरोप देतो, शेवटी खांबावरच्या डब्यातून तो पुढे जातो. त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा विनापरवाना पट्टा आहे. मीटर कसा असावा हे आयएस १६४४४ या मानकात आहे, पण त्यात दोन्ही मार्ग चालतात. निवड बहुतेक मीटर बसवणाऱ्या कंपनीच्या हाती.

पेण बाजारपेठेत घराला घर लागून, तिथे मेश चालेल. रोह्याच्या डोंगरातल्या पाच-सहा घरांच्या वाडीवर निरोप पोचवायला शेजारी हवा ना! तिथे सिम बरं, पण ज्या वाडीवर फोन लावायला टेपावर चढावं लागतं, तिथे सिम तरी काय करणार? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात खांब पडले, टॉवरही बंद झाले. दोन्ही एकदमच जातात, हे रायगडने भोगलंय.

रेंज नसली तरी मीटर युनिट मोजतो, नोंद आत साठवतो. तेवढी भीती नको. धोका पुढे आहे. आकडे पोचले नाहीत आणि माणूसही रीडिंगला आला नाही, तर सरासरी बिल येतं. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली, तीही वेळेनुसार नोंद मिळाली तरच हिशेबात धरता येणार.

ब्रिटनमध्ये दक्षिणेला मोबाईल नेटवर्क आणि उत्तरेला लांब पल्ल्याचा रेडिओ, अशी वाटणी केली. आपल्याकडे तालुक्याला एकच माप लावणं चुकीचं ठरेल. ग्रामसभेत कंपनीच्या माणसाला विचारावं : आमच्या वाडीवर कुठला मार्ग, चाचणी घेतली का, रेंज नसेल तर रीडिंगला कोण येणार? आणि मीटर बदलताना जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा.