ढोल कोण वाजवतं ते आधी बघा

दोस्तांनो, मागच्या महिन्यात आपल्या विहारात बैठक झाली. एका साहेबांनी भाषण ठोकलं. नाव घेत नाही, माणूस आपलाच आहे, विहारातले पंखे त्यांच्याच पैशाचे. म्हणाले, आपला धम्म अजून कोरडा आहे. वैभव नाही, परंपरा नाही. श्रीलंकेत जा, कँडीची पेराहेरा बघा, खरा बुद्ध तिथं आहे. येत्या पुनवेला आपणही हत्ती आणू, मिरवणूक काढू.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या. पण मी कँडी बघून आलोय.

सूतगिरणीत रिंगखात्यात डॉफर आहे मी. दोन वर्षं भिशी भरली आणि २०२४ च्या ऑगस्टात चौघं मिळून गेलो. बुद्धाचा दात जिथं ठेवलाय त्या दळदा मालिगावासमोरच्या रस्त्यावर दुपारपासून बसलो. खुर्चीचे पैसे भरणारे गोरे पाहुणे वेगळे. आम्ही तिथल्या गरिबांबरोबर फुटपाथवर. शेजारी पांढऱ्या साडीतली एक म्हातारी. तिनं 'इंडिया?' विचारलं आणि आपल्या डब्यातला भात पुढं केला. जात विचारली नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं मी कडू बोलणार आहे.

अंधार पडला आणि सगळ्यांत आधी आले आसूडवाले. रस्त्यावर आसूड फुटला तसा माझ्या पाठीवर काटा आला. आमच्या गल्लीत पोतराज यायचा, त्याचा कोरडा असाच वाजायचा. मग जळत्या खोबऱ्याच्या मशाली. मग ढोल, शेकडो ढोल. मग झूल घातलेले, दिव्यांनी लखलखणारे हत्ती, आणि सगळ्यांत मोठ्या दंताळ हत्तीच्या पाठीवर सोन्याचा करंडक. त्याच्या पायाखाली पांढरं कापड अंथरत नेतात, जमिनीला पाय लागू नये म्हणून. म्हातारी साधू साधू म्हणत रडली. माझेही हात जोडले गेले. खोटं कशाला सांगू?

पण हत्ती पुढं गेला आणि मागनं देवळांच्या मिरवणुका आल्या. नाथ, विष्णू, कतरगाम म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आणि पत्तिनी देवी. विष्णू! बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच कोणती, साहेब? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी जे तोंडानं सोडलं, ते तिथं बुद्धाच्या मागोमाग हत्तीवर बसून येतं.

आता ढोलाकडं या. तो कुणीही वाजवत नाही. ढोल वाजवणारी जात आहे, बेरवा तिचं नाव. देवळाची जमीन कसायची आणि बदल्यात ढोल वाजवायचा, ही पिढीजात बांधणी. सरकारची वेठ इंग्रजांनी १८३२ त मोडली, देवळाच्या जमिनीवरची सेवा राहिली. आठवलं काही? आपल्याकडं याला महारवतन म्हणायचे. ते मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. साहेबांना जे वैभव दिसलं ते मला वतन दिसलं. नजरेचा फरक आहे, दुसरं काय.

आणि चीवर? लंकेत उपसंपदा बंद पडली होती, ती १७५३ त सयामहून भिक्खू आणून परत सुरू केली. पण लवकरच ती गोयिगाम या वरच्या, शेतकरी जातीपुरतीच ठेवली. बाकीच्यांनी काय करावं? दालचिनी सोलणारी सलागम जात, तिच्यातल्या श्रामणेरांनी १८०० च्या सुमारास जहाज धरलं, ब्रह्मदेशातल्या अमरपुराहून दीक्षा आणली आणि आपला निराळा निकाय उभा केला. शाब्बास! मला त्या सगळ्या दिवेलागणीत हीच माणसं आपली वाटली. दार लावलं तर समुद्र ओलांडला. पण दात ज्यांच्या ताब्यात आहे त्या कँडीच्या विहारांत आजसुद्धा गोयिगामाशिवाय उपसंपदा नाही. ज्या बुद्धानं उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात घेतलं, त्याच्याच दाताची ही राखण.

कुणी म्हणेल, लेका, तू त्यांचा भात खाल्लास आणि त्यांनाच नावं ठेवतोस. ऋण मला माहीत आहे. कँडीपासून जवळच, मातलेच्या बाजूला अलुविहार आहे. तोंडपाठ चालत आलेलं त्रिपिटक तिथं ताडपत्रावर उतरवलं गेलं, दोन हजार वर्षांपूर्वी. ती पानं नसती तर आपण काय वाचलं असतं? आम्ही तिथंही गेलो, खडकातल्या गुहेत गप बसलो. तिथं हत्ती नव्हता. साहेबांच्या भाषणात अलुविहार नव्हताच.

आणि बाबासाहेब? तेही गेले होते की कँडीला. १९५० च्या मे महिन्यात, जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा. पण प्रतिनिधी म्हणून नाही गेले. विधी, सोहळे डोळ्यांनी बघायचे आणि धम्म खरंच जिवंत आहे का ते तपासायचं, म्हणून गेले. बघून आल्यावर त्यांनी नागपुरात काय दिलं? हत्ती दिला नाही. दात दिला नाही. बावीस प्रतिज्ञा दिल्या.

म्हणून पोरांनो, कँडीला जा. लडाखात हेमिसला जा, बोधगयेला जा. पैसे साठवा आणि जरूर जा. चपला बाहेर काढा, गप बसा, म्हातारीनं दिलेला भात खा. फक्त बघताना वर हत्तीवर काय आहे एवढंच बघू नका. खाली मशाल कुणाच्या हातात आहे, शेण कोण उचलतंय, ढोल कुणाच्या गळ्यात आहे, ते बघा.

माझ्या पणज्यानं धर्मांतरानंतर गावचं डफडं विहिरीत टाकलं. गावानं त्याला सहा महिने दाणा दिला नाही. आजी सांगायची, तो उपाशी झोपायचा पण पाटलाच्या वरातीला गेला नाही.

साहेब, येत्या पुनवेला हत्ती आणायचा ठराव तुम्ही मांडणार आहात असं कळलं. मी बैठकीला येणार आहे. तिसरी पाळी आहे, पण खाडा टाकून येणार. ढोल कोण वाजवणार त्याचं नाव ठरावात लिहून आणा.