आमची मेलेली माणसं कुठल्या यादीत आहेत?



"जंगलातल्या लोकांना कोरोना झालाच नाही." दोन वर्षांत हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलं? कचेरीत ऐकलं, एसटीत ऐकलं, बाजारात ऐकलं. म्हणतात, आदिवासी कष्ट करतो, रानभाजी खातो, मोकळ्या हवेत राहतो, त्याला काय होतंय! ऐकायला कौतुक वाटतं. पण हे कौतुक नाही. मेलेल्या माणसाचं नाव लिहायचं नसेल, तर तो मेलाच नाही म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी बघू की सरकारने मोजलं कसं. 9 मार्च 2020 ला पुण्यात, दुबईहून आलेल्या जोडप्यात राज्याचे पहिले रुग्ण सापडले. 17 मार्चला मुंबईत पहिला मृत्यू लागला. तिथून रोज संध्याकाळी राज्याचा आकडा यायचा. नवे किती, बरे किती, मयत किती. 18 एप्रिल 2021 ला एका दिवसात 68,631 नवे रुग्ण निघाले. 6 जून 2021 ला मयतांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला.

ह्या आकड्यात शिरायला दार एकच होतं, तपासणी. नाकात काडी घातली, लॅबमध्ये गेली, पॉझिटिव्ह आली, तर तुम्ही रुग्ण. त्यानंतर मेलात तर तुम्ही कोरोनाचे मयत. काडीच नाही तर रुग्ण नाही, आणि रुग्ण नाही तर मयत पण नाही. आता सांगा, कुठल्या पाड्यावर लॅब होती? पहिल्या महिन्यांत नमुने मुंबई-पुण्याला जायचे. अँटिजेनचे किट नंतर आले, ते पण तालुक्याच्या दवाखान्यात. तिथे जायला गाडी बंद, रस्त्यावर पोलीस, खिशात पैसा नाही. ज्याला दम लागलाय तो डोंगर उतरून काडी घालायला जाणार होता का?

यादी कशी होती ते पण बघा. आपल्या भागात एक ओळ "वसई-विरार महापालिका" आणि दुसरी ओळ "पालघर". त्या एका "पालघर"मध्ये बोईसर-तारापूरचे कारखाने, पालघर शहर, डहाणू, आणि त्यातच जव्हार, मोखाडा, विक्रमगड. वय लिहायचे, बाई की पुरुष ते लिहायचे. जमातीचा रकाना नव्हता. 2011 च्या जनगणनेत राज्यात आदिवासी 1 कोटी 5 लाख आहेत, म्हणजे दर शंभरात नऊच्या वर. ह्या एक कोटी माणसांत किती आजारी पडले, किती गेले, ते राज्याच्या रोजच्या यादीत कुठेच दिसत नाही. न मोजताच "झाला नाही" म्हणून मोकळे!

माझ्या पाड्याचं सांगते. 2021 च्या चैत-वैशाखात आमच्याकडे पाच माणसं गेली. एक काका भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून ताप घेऊन आले, सातव्या दिवशी गेले. मागोमाग त्यांची आई. मग दोन म्हातारे, मग एक तीस वर्षांची बाई. सगळ्यांना ताप, खोकला, दम. तोंडाची चव गेलेली, उंबरठ्यापर्यंत चालवत नव्हतं. पाचांपैकी दवाखान्यात एकच पोचला. त्याचं नाव सरकारच्या यादीत आहे. बाकीच्या चौघांची कोरोनाचे म्हणून कुठेच नोंद नाही. दोघांची तर साधी मृत्यूची नोंद पण नाही. वाचणाऱ्यांनो, आपापल्या पाड्याचं आठवा. बोटांवर मोजा. मग ग्रामपंचायतीचं रजिस्टर उघडून बघा.

कोणी म्हणेल, ही पोरगी एका पाड्यावरून राज्याचं सांगते. ठीक आहे, सरकारचेच आकडे घ्या. मे 2022 मध्ये केंद्राचा जन्म-मृत्यू नोंदणीचा 2020 चा अहवाल बाहेर आला. महाराष्ट्रात 2019 साली सुमारे 6 लाख 93 हजार मृत्यू नोंदले गेले. 2020 साली 8 लाख 8 हजार. एका वर्षात 1 लाख 15 हजार जास्त. आणि 2020 अखेर कोरोनाचे मयत किती दाखवले? सुमारे 49 हजार. उरलेले 65 हजार कुठून आले? आणि ही दुसऱ्या लाटेच्या आधीची गोष्ट आहे.

मी म्हणत नाही की ते सगळे कोरोनाचेच. काही जण कोरोनाने दवाखाने अडवले म्हणून गेले असतील. बाळंतीण वेळेवर पोचली नाही, साप चावलेल्याला गाडी मिळाली नाही, टीबीवाल्याच्या गोळ्या तुटल्या. पण हे पण साथीचेच बळी ना? मग ते कोणाच्या हिशोबात? आणि लक्षात ठेवा, हे पण फक्त नोंदलेले मृत्यू. नोंद करून सुद्धा कारण लिहिलेलं असतंच असं नाही. 2019 साली देशात नोंद झालेल्या दर शंभर मृत्यूंत जेमतेम 21 जणांच्या मरणाचं कारण डॉक्टरने लिहून दिलं होतं. बाकी सगळे नुसते "मेले".

जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये सांगितलं की 2020 आणि 2021 मिळून भारतात 47 लाख माणसं ह्या साथीपायी जास्त मेली असावीत. सरकार तेव्हा 4 लाख 81 हजारांवर अडून बसलं होतं. दिल्लीला संघटनेची मोजायची पद्धत मान्य नव्हती. मग आम्ही सांगतो ती पद्धत घ्या. पाड्यापाड्यावर या, अंगणात बसा, नावं विचारा.

चूक झाली तर दुरुस्त करता येते, हे सरकारला चांगलं माहीत आहे. 16 जून 2020 ला राज्याने एकाच दिवशी 1,328 जुने मृत्यू यादीत घातले. त्यातले 862 मुंबईचे होते. शहरात ओरड झाली, कागद उघडले, नावं निघाली. म्हणजे कागद उघडता येतात. फक्त आपल्यासाठी कोणी उघडत नाही.

आणि काही मरणं कुठल्याच यादीत बसत नाहीत. 8 मे 2020 ला पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथे 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून रुळाने चालत भुसावळकडे निघालेले, दमून रुळावरच झोपले. मध्य प्रदेशच्या शहडोल-उमरिया भागातले होते, त्यातले बरेच गोंड आदिवासी. ते कोरोनाने मेले नाहीत. पण लॉकडाऊन नसता तर ते त्या रुळावर असते का? आपली माणसं पण अशीच भट्टीवरून, रेतीवरून पोरं खांद्यावर घेऊन चालत आली. वाटेत कोण आजारी पडला, घरी येऊन कोण मेला, कोणी विचारलं?

लशीच्या आकड्यांचं पण तसंच. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयवाल्यांना मोबाईलवर नाव लावायची सक्ती झाली. आपल्याकडे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. शहरातल्या लोकांनी घरबसल्या आपल्या केंद्रांचे नंबर लावले आणि गाड्या घेऊन डोस घेऊन गेले. कागदावर डोस आपल्या तालुक्यात पडला, दंड मात्र शहरवाल्याचा.

आता कोणी म्हणेल, तुमचे लोकच तपासणीला पळाले, रानात लपले, भगताकडे गेले. हो, गेले. का गेले? ज्याला गाडीत घालून नेलं तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला, नाहीतर आलाच नाही. माती द्यायला घरच्यांना जाऊ दिलं नाही. आपल्या बोलीत दोन शब्द सांगणारं कोणी आलं नाही. एरवी सरकारी गाडी पाड्यावर येते ती कशाला? झोपडी मोडायला, उभं पीक उपटायला, कोयता-कुऱ्हाड जप्त करायला. अशी ओळख असलेल्या गाडीत माणूस हसत बसेल का? जिथे सरकार नीट वागलं तिथे वेगळं झालं. नंदुरबार आपल्यासारखाच, शंभरात जवळपास सत्तर आदिवासी. तिथे भिल समाजातलेच कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेनंतर लगेच ऑक्सिजनचे प्लांट उभे केले. दुसऱ्या लाटेत मोठी शहरं ऑक्सिजनसाठी रडत होती तेव्हा नंदुरबारला स्वतःचा ऑक्सिजन होता. मोजतात तिथे सोय येते. मोजत नाहीत तिथे "गरजच नाही" असा शेरा येतो. म्हणून मोजणीचं भांडण.

आता पैशाचं. सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने कोरोनाने मेलेल्याच्या घरी 50 हजार रुपये द्यायचे होते. जानेवारी 2022 मध्ये कोर्टात महाराष्ट्राचे मयत 1 लाख 41 हजार होते, अर्ज मात्र 2 लाख 13 हजार आले होते. यादी किती कच्ची आहे हे त्यातच दिसलं. पण अर्ज ऑनलाइन होते. आपल्याकडचे किती गेले असतील? कोर्टाने 24 मार्च 2022 ला सांगितलं की 20 मार्च 2022 च्या आधीच्या मृत्यूंचे अर्ज 60 दिवसांत करा. ती मुदत 23 मे 2022 ला संपली.  मुदत चुकली तरी गप्प बसू नका. खरी अडचण होती असं लिहून जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येईल, असंही कोर्टाने तेव्हा सांगितलं होतं. दाखल्यावर "कोविड" लिहिलेलं नाही, एवढ्याच कारणाने अर्ज नाकारता येत नाही, हे पण कोर्टानेच सांगितलंय. कचेरीत कोणी परत पाठवलं तर हे वाक्य त्याला ऐकवा आणि नकार लेखी मागा.

पण भावांनो, 50 हजार संपतील. आपलं मोठं नुकसान जमिनीचं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वनहक्काच्या दाव्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. आपल्याकडे कागद नाही, म्हणून नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरलाय. "ह्या दळीत ह्याचा बाप नाचणी पेरत होता, मी बघितलंय" असं सांगणारा म्हातारा हाच आपला सातबारा. कोरोनाने नेमका तोच नेला. एक म्हातारा गेला म्हणजे पाच-सहा दाव्यांचा पुरावा गेला.

दुसरं. दावेदार मेला, दावा समितीत पडलेला. किंवा पट्टा मिळालाय आणि धनी गेला. कलम 4(4) प्रमाणे पट्टा विकता येत नाही पण वारसाला मिळतो. नवरा-बायको असतील तर दोघांच्या नावावर असायला पाहिजे. तरी बाई वारस लावायला गेली की पहिला कागद मागतात, मृत्यूचा दाखला. तो नाही. सरकारच्या हिशोबाने नवरा मेलाच नाही, मग बाई वारस कशी? उद्या वनखातं म्हणेल, दावेदार हजर नाही, दावा फेटाळा. मेलेला माणूस न मोजण्याचा फायदा कोणाला, ते आता कळलं का?

दाखल्याची घाई पण समजून घ्या. मृत्यूची नोंद 21 दिवसांत फुकट होते. 30 दिवसांपर्यंत उशिराची फी भरून. एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष झालं की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. 2021 च्या वैशाखातल्या मयतांचं वर्ष 2022 मध्येच भरलं. वर्षाच्या आत गेलात तर ग्रामसेवकापासून काम सुरू होतं, नंतर गेलात तर दंडाधिकाऱ्याच्या पायऱ्या.

म्हणून संघटनेच्या सगळ्या गावांनी हे करायचं:

1. पाड्याची मयत वही घाला. मार्च 2020 पासून जो गेला त्याचं नाव, वय, जमात, तारीख (तारीख आठवत नसेल तर सण, बाजार, पेरणी आठवून), काय त्रास होता, दवाखाना गाठला का, कुठून कामावरून आला होता. आशाताईला सोबत घ्या, तिला घरोघरचं माहीत असतं.

2. वही ग्रामसभेत मोठ्याने वाचा, ठराव करा, सह्या-अंगठे घ्या. 15 ऑगस्टची वाट बघू नका, आत्ताच खास ग्रामसभा बोलवा.

3. नोंद राहिलेल्या सगळ्यांना घेऊन एकाच दिवशी ग्रामपंचायतीत जा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

4. जे म्हातारे आज आहेत त्यांचे जबाब ह्या पावसाच्या आधी लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.

5. मयत दावेदारांच्या वारसांची यादी करून वनहक्क समितीत द्या. विधवेचं नाव आधी लिहा.

सरकारकडे आपली मागणी साधी आहे. ग्रामपंचायतवार आणि जमातवार मयतांची यादी काढा, ग्रामसभेची वही पुरावा धरा, आणि वर्ष उलटलेल्या नोंदींसाठी दंडाधिकाऱ्याला गावात बसवा. मतदार यादीसाठी पाड्यावर येता येतं, तर मयत यादीसाठी पण येता येईल.

शंभर वर्षांपूर्वी मानमोडीची साथ आली होती. तेव्हा आपल्या पाड्यांत कोण गेलं, त्यातलं एक नाव सुद्धा आज आपल्याकडे लिहिलेलं नाही. ह्या वेळी नावं राहतील. वही थोड्या पैशात मिळते, आणि आता पाड्यापाड्यावर लिहिता येणारी पोरं-पोरी आहेत.

मयतांची नोंद झालीच पाहिजे!
वारसाचं नाव लागलंच पाहिजे!
जल जंगल जमीन, आमच्या हक्काची!
जिंदाबाद!