कामाकुराचे देवस्थान आणि राजाश्रयाचा धडा

जपानला जाणारा आपला उपासक कामाकुरा या गावी जातो, तो तेथील अमिताभ बुद्धाची भव्य ब्राँझमूर्ती पाहण्यासाठी. मीही त्याच हेतूने टोकियोहून आगगाडीने तासाभराचा प्रवास करून तेथे गेलो. मूर्तीचे दर्शन घेतले व मन प्रसन्न झाले. परंतु ज्याचा विचार करीत मी परतलो, ते स्थळ वेगळेच होते. ते म्हणजे त्याच गावचे त्सुरुगाओका हाचिमान हे शिंतो देवस्थान. बौद्ध माणसाने तेथे कशासाठी जावे, असे कोणी विचारील. नवस करण्यासाठी जाऊ नये. इतिहास वाचण्यासाठी मात्र अवश्य जावे.

समुद्राकडून एक सरळ राजरस्ता या देवस्थानाकडे येतो. मिनामोतो योरितोमो या सरदाराने पत्नी मासाको हिचे बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून ११८२ साली तो बांधविला. हाचिमान हे त्याच्या घराण्याचे कुलदैवत. पूर्वज योरियोशी याने १०६३ साली किनाऱ्याजवळ स्थापन केलेले हे ठाणे योरितोमोने ११८० मध्ये टेकडीच्या पायथ्याशी हलविले आणि त्याच्याभोवती गावाची आखणी केली. त्या काळी सम्राट व दरबारी सरदार पश्चिमेकडील क्योतो येथे राहत आणि पूर्वेकडील योद्ध्यांना हलके लेखीत. त्या योद्ध्यांनी कामाकुरा येथे आपली स्वतंत्र सत्ता उभारली. ११९२ साली योरितोमो शोगुन झाला, आणि ही सत्ता १३३३ पर्यंत टिकली. जपानच्या पूर्व भागाला, म्हणजे कान्तो प्रांताला, राजकीय प्रतिष्ठा प्रथम याच गावाने मिळवून दिली, आणि त्या प्रतिष्ठेचे केंद्र हे देवस्थान होते. तिसरा शोगुन सानेतोमो याचा १२१९ साली स्वतःच्या पुतण्याकडून खून झाला, तोही याच देवस्थानाच्या आवारात. खुनी ज्याच्या आड लपला असे सांगतात, तो प्राचीन गिंको वृक्ष २०१० साली वादळी वाऱ्याने उन्मळून पडला. त्याच्या मुळाला फुटलेले कोंब आज जपून ठेवलेले आहेत.

एकसष्ट पायऱ्या चढून १८२८ साली बांधलेल्या मुख्य मंदिरापाशी गेलो आणि मागे वळून खालचे मोकळे प्रांगण पाहिले. त्या मोकळ्या जागेतच खरा इतिहास आहे. सुमारे सातशे वर्षे हे स्थान देवालयही होते आणि विहारही होता. हाचिमानला महाबोधिसत्त्व अशी पदवी होती. येथे स्तूप होता, ग्रंथालय होते, द्वारपालांच्या मूर्ती होत्या, सूत्रपठण करणारे भिक्षू होते. १८६८ साली नव्या सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. हाचिमानची बोधिसत्त्व ही पदवीही काढून घेतली. १८७० साली स्तूप व इतर बौद्ध इमारती पाडण्यात आल्या. भिक्षूंनी चीवर उतरविले आणि ते शिंतो पुजारी बनले. द्वारपालांच्या मूर्ती कामाकुरातीलच जुफुकुजी विहारात, तर त्रिपिटकाचा संग्रह टोकियोच्या सेन्सोजी विहारात गेला. स्तूप राहिला तो केवळ जुन्या छायाचित्रांत.

हे वाचून आपणांस संताप येईल. तो योग्यच आहे; परंतु सत्य अर्धे सांगता कामा नये. त्यापूर्वी तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत प्रत्येक कुटुंबाला कोणत्या ना कोणत्या बौद्ध विहारात नाव नोंदविणे सक्तीचे होते. आपण ख्रिस्ती नाही, याचा दाखला विहाराकडून घ्यावा लागे. विहार हे सरकारी दप्तर बनले आणि लोकांच्या मनात त्यांच्याविषयी रोष साठला. सरकार बदलताच त्या रोषाला वाट मिळाली. ज्या राजाश्रयाने स्तूप उभा राहिला, तो आश्रय सुटताच स्तूप कोसळला.

पुढे शिंतोचीही तीच गत झाली. १८८९ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले खरे, पण प्रजेच्या कर्तव्यास बाध न येईल एवढेच. शिंतो देवस्थाने म्हणजे धर्म नव्हेच, असे सरकारने ठरविले. १९०० साली गृहखात्यात देवस्थानांचा विभाग धर्मविभागाहून निराळा केला. जे धर्म नाही, त्याची सक्ती केली तर धर्मस्वातंत्र्याचा भंग कसा होणार? वकिलीच्या धंद्यात शब्दच्छल पुष्कळ पाहिले, पण यासारखा क्वचितच. युद्धातील पराभवानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये देवस्थानांचा हा सरकारी आश्रय काढून घेण्यात आला. १९४७ साली अंमलात आलेल्या घटनेच्या विसाव्या कलमाने धार्मिक कृत्याची सक्ती निषिद्ध ठरविली, आणि १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका प्रांतिक सरकारने देवस्थानांना सार्वजनिक पैशातून दिलेले अर्पण घटनाबाह्य ठरविले.

आज त्या प्रांगणात नववर्षाला प्रचंड गर्दी लोटते. ते लोक स्वेच्छेने येतात; त्यांच्याशी आपले भांडण नाही. परंतु बंधुभगिनींनो, आपण नव्याने धम्म स्वीकारलेली माणसे आहोत. आपले विहार गोरगरिबांच्या वर्गणीतून उभे राहत आहेत, याची खंत बाळगू नका. सरकारजवळ मागावयाचा तो हक्क मागा; घटनेच्या पंचविसाव्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य तुम्हांस दिलेलेच आहे. सरकारची मेहरबानी मात्र धम्माच्या पायात घालू नका. कामाकुराच्या टेकडीखालची मोकळी जागा पाहिल्यापासून माझे हे मत अधिकच पक्के झाले आहे.