जुनी होडी विकतांना

घरांतील जुनें कपाट विकावयाचें झाल्यास गिऱ्हाईक तें उघडून, ठोकून पाहतें व काम भागतें. होडीचें तसें नाहीं. कांठावर ओढून ठेवलेली होडी कितीही सुबक दिसली, तरी पाण्यांत चालल्यावांचून तिचा गुणदोष कळत नाहीं. म्हणून गिऱ्हाईक चाचणीची एक फेरी मागतें, व त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र कपाट पाहतांना कोणाचा जीव धोक्यांत पडत नाहीं. होडींत पडूं शकतो. दाभोळ-धोपावे यांसारख्या ठिकाणीं वाहनांसकट खाडीपार नेणाऱ्या मोठ्या बोटी चालूं झाल्यामुळें ज्या घरची यंत्राची लहान होडी आतां नुसती पडून असते, अशा घरांकरितां आज चार शब्द लिहीत आहों.

पहिली गोष्ट घरांतली. होडी वडिलार्जित असेल तर सर्व भावांची संमति मिळून नोंदणीचे कागद हातीं आल्यावांचून गिऱ्हाइकास बोलावूं नये. दुसरी गोष्ट किंमतीची. सुट्टीच्या दिवशीं फुकट जलविहार घडावा एवढ्याच हेतूनें येणारीं माणसेंही असतात. यास्तव आधीं होडी कांठावरच नीट पाहूं द्यावी, किंमत ठरवावी, थोडा इसार घ्यावा, आणि फेरींत पसंत न पडल्यास तो परत मिळेल असें पावतीवर लिहून द्यावें. ज्यास खरोखरच घ्यावयाची आहे त्यास हें जड वाटत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तळ एके ठिकाणीं पाझरतो, किंवा तापल्यावर यंत्र मध्येंच बंद पडतें, हें मालकास ठाऊक असतें. तें सांगावें कीं नाहीं? घेणारानें आपण पारखून घ्यावें, असें १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें सामान्य धोरण आहे, आणि पुष्कळ लोक त्याच्या आडोशास उभे राहतात. परंतु १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १५० वें कलम निराळें बोलतें. आपली वस्तु दुसऱ्याच्या ताब्यांत देणारानें, तिच्या वापरास बाध आणणारे किंवा असाधारण धोका उत्पन्न करणारे जे दोष त्यास माहीत असतील ते सांगितलेच पाहिजेत. न सांगितल्यास त्यापासून होणाऱ्या नुकसानीस तो जबाबदार होतो. म्हणजे विक्रीपुरतें मौन कदाचित् पचेल. होडी दुसऱ्याच्या हातीं देतांना पचणार नाहीं. आमचें मत असें कीं, मालक स्वतः बरोबर असला तरी, धक्का सोडण्यापूर्वीं सर्व दोष तोंडानें सांगावे व पावतीवरही लिहावे.

आतां प्रत्यक्ष फेरी. पावसाळ्यांत हा विषयच काढूं नये. एरव्हीं पंचांग पाहून दिवस ठरवावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचें उधाण टाळून अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांतील भांगाचें पाणी घ्यावें. त्यास ओढ कमी. निघावें तें भरती चढत असतांना. वाळूंत तळ टेकला तर चढतें पाणीच होडी उचलतें, आणि यंत्र बंद पडलें तर प्रवाह समुद्राकडे न नेतां खाडींत आंत नेतो. ओहोटींत या दोन्ही गोष्टी उलट होतात.

यंत्र आधीं तापवून ठेवूं नये; थंड यंत्र सुरू होतांना पाहण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे. बाहेरून लावलेल्या यंत्राच्या अंगांतून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पडते कीं नाहीं, हें त्यास दाखवावें. ती पडत नसेल तर यंत्र तत्काळ बंद करावें. प्रत्येकाच्या अंगांत तरंगजाकीट, होडींत वल्हीं व नांगर, आणि चालविणाराच्या मनगटास यंत्र बंद करणारी दोरी, एवढें झाल्याशिवाय धक्का सोडूं नये. धक्क्यावरून नेणें व परत लावणें मालकानेंच करावें. मोकळ्या पाण्यांत गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावी व शेजारीं बसावें. अर्धा तास पुरे. घरच्या तरुणांस वेग दाखविण्याची हौस असते. ती त्या दिवशीं आवरावी.

'एकटाच नेतों, दोन दिवस वापरून पाहतों,' असें कोणी म्हटल्यास नम्रपणें नाहीं म्हणावें. पसंतीवर दिलेली वस्तु ठरलेल्या मुदतीनंतरही नकार न कळवितां ठेवून घेतल्यास ती कायद्यानें घेणाराची होते हें खरें. पण तेवढ्यानें पैसे घरीं येत नाहींत. विमा असल्यास दुसऱ्यानें चालविलेली होडी त्यांत बसते कीं नाहीं, हेंही आधींच वाचावें. होडी पसंत पडली तर पूर्ण रक्कम जमा झाल्यावर ताबा द्यावा, व नोंदणीवरील आपलें नांव बदलून घेईपर्यंत व्यवहार संपला असें समजूं नये.

शेवटीं एकच कसोटी सांगतों. ज्या होडींत आपण आपल्या नातवास बसविणार नाहीं, तिच्यांत गिऱ्हाइकासही बसवूं नये. अशी होडी फेरी न दाखवितां, दोष सांगून, मोडीच्या भावानें द्यावी. चार पैसे कमी येतील. पण रात्रीं झोंप लागेल.