राख पुसल्यानंतर

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडील आमचे काही वाचक अधूनमधून विचारतात, की तुम्ही गोव्याची माणसे ख्रिस्ती शेजाराबरोबर पिढ्यान् पिढ्या राहता, मग त्यांच्या व्रतनियमांविषयी या सदरात कधी काही लिहीत कसे नाही? प्रश्न रास्त आहे. गोवा म्हटले की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे कार्निव्हलची मिरवणूक तेवढी उभी राहते. ती धामधूम मंगळवारी रात्री विरते; आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच वाड्यांतली माणसे मुकाट्याने चर्चकडे जातात व कपाळी राख लावून परततात. हे पाहण्यास मात्र कोणी पाहुणा थांबत नाही.

हा राखेचा बुधवार. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. माणूस मातीचा आहे व मातीलाच मिळणार आहे, याचे ते स्मरण. येथून पुढे ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळास आमच्याकडे ‘कोरेज्म’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्याच्या मुळाशी चाळिसाची संख्या आहे. आता बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. आमच्या वर्गात एका चौकस मुलाने ही चूक आमच्या पदरी घातली होती! पण रविवार हा उपवासाचा दिवस नव्हे, तो पुनरुत्थानाचा दिवस. म्हणून सहा रविवार वगळायचे, की चाळीस उरतात. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाशी त्याचे नाते आहे.

या दिवसांत पाद्रींची वस्त्रे जांभळी होतात, ‘आलेलुया’चा घोष थांबतो, लग्नकार्ये सहसा पुढे ढकलली जातात आणि शुक्रवारी चौदा स्थानांची क्रुसाची वाट चालतात. अन्नाचे नियम मात्र आपल्या समजुतीपेक्षा सौम्य आहेत. कडक उपवास दोनच दिवस, राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी. तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. त्या दिवशी एकदा पोटभर जेवावे, दोनदा थोडेसे खावे. शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळीस मनाई नाही.

आता गोव्याच्या माणसास मांस सोडण्यात ते काय मोठेसे? मासळी सोडली तरच त्याचा खरा कस लागतो. शुक्रवारी मांस नाही म्हणून इस्वणाचे जाड काप तळून व्रत पाळणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांस हसण्याचा अधिकार आम्हांस मुळीच नाही. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर केळ्यांचे शिकरण अशा थाटात आमची एकादशी होत असते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच आज्यांनी केली, पाद्रींनी नव्हे.

राखेच्या बुधवारच्या उपासनेत एक गंमत आहे, निदान आम्हांस ती वाटते. त्या दिवशी वाचला जाणारा मत्तयाच्या शुभवर्तमानातील भाग सांगतो, की दान करा ते गुप्तपणे, प्रार्थना करा ती दार लावून, आणि उपवास करा तर तोंड धुऊन प्रसन्न राहा, लोकांना कळू देऊ नका. आणि हे ऐकून माणसे कपाळावर ठसठशीत राख घेऊन बाजारातून घरी येतात! आमच्या शेजारच्या मावशींना आम्ही हे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मास्तर, राख लावतात ती चर्चमध्ये. घरी येऊन मी तोंड धुते. खरे काम ती पुसल्यावर सुरू होते.” मावशी बोलतात कोकणीत, आम्ही येथे त्यांचे बोलणे आपल्या मराठीत देत आहोत.

या मावशींविषयीच लिहावे असे मनात होते. त्यांचे नाव देत नाही. दिले तर त्या आमच्याशी बोलणार नाहीत. वय अडुसष्ट, म्हणजे उपवासाच्या नियमातून त्या केव्हाच सुटल्या. पण सोडत नाहीत. यजमान बोटीवर होते, ते वारून बरीच वर्षे झाली. राहतात ते घर म्हणजे एका जुन्या घराचे अर्धे. उरलेल्या अर्ध्यात धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची मुले. पूर्वी जेथे सारे कुटुंब संध्याकाळी बसत असे, त्या बाल्कांवाच्या मधोमध आता चिऱ्यांची भिंत आहे. वाटणीत विहीर मावशींच्या बाजूस गेली. दिरांचे म्हणणे, ती सामाईक. दाव्यास नऊ वर्षे झाली, आणि तितकीच वर्षे विहिरीकडे जाणाऱ्या फाटकास कुलूप होते. रविवारी दोन्ही घरची माणसे एकाच चर्चमध्ये बसत, एक डाव्या टोकास, एक उजव्या.

सन २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला आला. त्यानंतरच्या शुक्रवारी चर्चमध्ये यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायाचे वाचन असते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत होऊ लागली, तेव्हा ही वाचने आता सर्वांना समजतात. त्या अध्यायाचा आशय असा: तुम्ही उपवासाच्या दिवशी भांडता, मारामाऱ्या करता, आणि देवाने तुमच्याकडे पाहावे म्हणता! देवाला हवा असलेला उपवास निराळा आहे. जोखडे सोडवावी, भुकेल्यास आपली भाकर वाटून द्यावी, आणि आपल्या रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ फिरवू नये.

त्या संध्याकाळी मावशी आमचे एक भांडे परत द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मास्तर, आजचे वाचन मी जन्मभर ऐकत आले. कानात आजच गेले. तीस वर्षे मी कोरेज्मात मासळी सोडते. माझ्या दिराला त्याचा काय उपयोग?” दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप नव्हते. आम्हांस बजावून ठेवले, की कोणाला सांगायचे नाही.

आता कथेत घडते त्याप्रमाणे त्याच दिवशी जाऊबाई कळशी घेऊन आल्या असत्या तर आम्हांस लिहिण्याचे कारणच नव्हते. कोणीही आले नाही. तीन आठवडे फाटक उघडे आणि विहीर तशीच. मार्च सरत आला, नळाचे पाणी कमी झाले. दिरांचा मुलगा स्कूटरवर डबे बांधून दुसऱ्या वाड्यातून पाणी आणू लागला, पण बारा पावलांवरच्या विहिरीकडे पाहीना. हा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. चहाच्या दुकानात त्याने आपण होऊनच सांगितले: “कुलूप काढले ते आम्ही पाहिले, सर. पण आमच्याकडे सर्वांचे मत, की यात डाव आहे. तिने दिले म्हणून पाणी घेतले असे झाले, तर हक्काने मागतो ते लंगडे पडेल.”

यात वेडेपणा नव्हता. हक्काची वस्तू कृपा म्हणून घेतली की हक्क पातळ होतो, एवढे आम्हांसही कळते. नऊ वर्षे ज्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यास चांगुलपणादेखील कागदासारखा उलटसुलट करून पाहावा लागतो. आम्ही मावशींना म्हटले, मी मध्ये पडून सांगतो, तुमच्या मनात काही नाही म्हणून. त्या एकदम म्हणाल्या, “तुम्ही सांगितलेत तर माझे व्रत मोडेल. आणि मीच तुम्हांला पाठवले असे त्यांना वाटेल ते निराळेच.” आम्ही गप्प बसलो. खरे सांगायचे तर त्या रात्री पेडण्यास असलेल्या आमच्या थोरल्या बंधूंची आठवण झाली. वाटणीवरूनच आमचे बोलणे तीन वर्षे बंद आहे. फोन उचलला नाही. आठवण झाली, एवढे नमूद करतो.

७ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या सोमवारी, गोवा वेल्ह्यास संतांची मिरवणूक निघाली. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कनांच्या तिसऱ्या संघाने सुरू केलेली ही प्रथा. राजवैभवात वाढून दीनदुबळ्यांची सेवा करणाऱ्या संतांच्या मूर्ती खांद्यांवरून फिरवतात आणि फेस्तात हातपंखे विकतात, ते घ्यायला आम्हीही जातो. पंख्यांच्या दुकानापाशी दोघी जावा चार हातांवर उभ्या होत्या. मावशींनी एक पंखा घेतला, जाऊबाईंनी दोन. एकमेकींकडे पाहिले नाही.

येथे एक आठवण सांगावीशी वाटते. एम. ए.च्या वर्षांत आम्ही ‘क्रिस्तपुराण’ प्रथम हाती घेतले. फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. १५७९ साली गोव्यास आले, चाळीस वर्षे राहून १६१९ साली वारले. त्यांचे हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि मन रिकामे राहिले होते. त्यांनी ऐकण्यास काहीतरी मागितले, म्हणून हे लिहिले. त्यातील दुसऱ्या पुराणात येशूच्या दुःखसहनाची कथा येते. परीक्षेसाठी आम्ही तिच्यातील भाषाविशेष टिपून काढले होते, रूपे वेगळी केली होती. त्या वर्षी शुभ शुक्रवारी संध्याकाळी पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा आमच्याच हातच्या पेन्सिलीच्या खुणा पाहून थोडे ओशाळलो.

शुभ शुक्रवार १८ एप्रिलला होता. गुरुवारच्या रात्रीपासून चर्चची घंटा मुकी असते. तिच्या जागी लाकडी खटका वाजवतात. त्या कोरड्या आवाजाने वाडा उगाचच उदास होतो.

शनिवारी पहाटे, अजून अंधार असता, विहिरीची कप्पी वाजल्याने आम्हांस जाग आली. मावशी इतक्या लवकर कशा, म्हणून खिडकीशी गेलो. जाऊबाई होत्या, दोन कळश्या घेऊन. मावशींच्या स्वयंपाकघरात रोज या वेळी दिवा असतो, आज नव्हता. अंधारात खिडकीच्या आत कोणी उभे असल्याचे तेवढे जाणवले. जाऊबाई भरून गेल्या, पलीकडचे दार लागले, आणि मग मावशींच्या घरी दिवा लागला.

ईस्टरला या घरून त्या घरी काही गेले नाही, तिकडूनही काही आले नाही. दावा चालू आहे. दिरांच्या वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली आहे. कुलूप मावशींच्या खिडकीत पडले आहे, किल्लीसकट. पाणी मात्र जूनचा पाऊस लागेपर्यंत रोज पहाटे जात होते.