रोपवाटिकेतील खुरपणी : मासिक की पाक्षिक?

नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून लागवड व अनुदान यांविषयी आपल्या व्यवसायात पुष्कळ चर्चा झाली. पिशवीतील रोप पहिला पावसाळा कसा काढते, हा विषय मात्र माळ्यावर सोपवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नव्हता.

नारायण पेठेतील आमच्या वाड्याच्या परसात दशमुळातील बेल, टेटू व शिवण यांची रोपे मी वाढवीत असे. माळी महिन्यातून एकदा खुरपणी करी. एका श्रावणात पिशव्या दुरून हिरव्यागार दिसल्या आणि समाधान वाटले. जवळ जाऊन पाहता ती हिरवळ लव्हाळ्याची होती. टेटूची बरीच रोपे पिवळी पडून गेली होती. महिन्याचा नेम माझाच होता, माळ्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

लव्हाळा म्हणजे आपली मुस्ता. चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात जिला सांग्राहिक, दीपनीय व पाचनीय द्रव्यांत श्रेष्ठ स्थान दिले, तीच टेटूच्या पिशवीत शिरली की शत्रू होते! कोंब वर आल्यानंतर तीन-चार आठवड्यांत तिला जमिनीखाली नवे कंद धरू लागतात. १९५० च्या दशकात पुण्यात ज्याची नोंद झाली, ते गाजरगवतही उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलते. म्हणजे मासिक खुरपणी तणाची पुढील पिढी तयार होईपर्यंत वाट पाहते. तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. तण उपटावे तर रोपही हलते.

माझ्या मते उगवणीनंतरचे पहिले दोन महिने दर आठ-दहा दिवसांनी, त्यापुढे पाऊस संपेपर्यंत पंधरवड्याने आणि हिवाळ्यात महिन्याने खुरपणी असावी. तारखेपेक्षा तणाची पाने पाहावीत. दोन-चार पानांवर असतानाच ते काढावे. आधी पाणी द्यावे, म्हणजे मूळ सहज निघते. लव्हाळा नुसता ओढल्यास कंद आत राहतो, म्हणून तो खुरप्याच्या टोकाने उकरावा. गाजरगवतास उघडा हात लावू नये. त्वग्रोगाचे रुग्ण आपण पाहतोच. तणनाशकाचा मोह औषधी रोपवाटिकेत नसावा.

मजुरी वाढते हे खरे. परंतु कोवळे तण काढण्यास लागणारा वेळ अगदी थोडा असतो, हे मी स्वतः खुरपे हाती घेऊन पाहिले आहे. कच्चे शेणखत टाळले तर तणाचे बीजही कमी येते. पहिल्या दोन खुरपण्यांस वैद्याने स्वतः उभे राहावे, कारण नुकतीच उगवलेली शिवण आणि तण यांतील भेद नवख्या हातास कळत नाही.

फार्मसीचालकांनीही रोपे घेताना एक-दोन पिशव्या फाडून माती पाहावी. आत लव्हाळ्याचे काळे कंद दिसले, तर तो माल रोपे कितीही उंच असली तरी परत करावा.