धूळपाटीवरील पहिली अक्षरे



गेल्या वर्षी याच सदरात घरातील जुनी कागदपत्रे जपण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर मंडळातील काही तरुणांनी विचारले, "गुरुजी, मॉरिशसच्या मराठी माणसांविषयी विकिपीडियावर आम्ही लिहिले तर चालेल काय?" अवश्य चालेल, किंबहुना लिहावयासच हवे. परंतु तत्पूर्वी माझी फजिती ऐकावी.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणासही लिहिता येते, हे कळताच आजीच्या तोंडून ऐकलेली पणजोबांची हकीगत मी उत्साहाने तेथे लिहून टाकली. दोनच दिवसांत ती काढून टाकण्यात आली. आजीस खोटे ठरविणारे हे कोण, असा मला संताप आला. पुढे शांतपणे विचार करता उमगले, की आजीस कोणी खोटे म्हटलेच नव्हते. 'हे कोठे प्रसिद्ध झाले आहे?' एवढाच प्रश्न होता. वर्गात मी मुलांना तरी दुसरे काय विचारतो?

यास्तव नवोदितांनी प्रथम 'धूळपाटी'वर जावे. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत, व चुकले की हाताने पुसून टाकीत. विकिपीडियाने सरावाच्या पानास हेच नाव दिले आहे. नंतर एखाद्या तयार लेखातील शुद्धलेखन सुधारावे, एखादा सन तपासावा. नवा लेख त्यानंतर हाती घ्यावा.

प्रत्येक विधानास विश्वसनीय ग्रंथाचा आधार द्यावा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजाने ३६ मजूर मॉरिशसला पोहोचले, पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला, ही विधाने साधार मांडता येतात. मात्र ग्रंथातील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नयेत. मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहावा. आपल्या मंडळावर आपणच लेख लिहिण्याचा मोहही आवरावा. स्वतःच्या प्रगतिपुस्तकात स्वतःच गुण भरण्यासारखे ते होय.

कोणी आपला मजकूर बदलल्यास रुसू नये. पानाच्या 'इतिहासा'त प्रत्येक बदल जपलेला असतो. 'चर्चा' पानावर नम्रपणे कारण विचारावे. सर्वसाधारण शंका असल्यास 'चावडी'वर जावे. तेथे जाणती माणसे मार्ग दाखवितात.

आजीची हकीगत मात्र वाया जाऊ देऊ नये. ती आजच लिहून घ्यावी. आम्ही या पुस्तिकेत छापू. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. उद्या एखादा अभ्यासक दोहोंचा मेळ घालून ग्रंथ लिहील, तेव्हा विकिपीडियाचे दारही तिला उघडेल.

आपल्या पूर्वजांची नावे कारकुनाने कानी पडली तशी लिहिली, आणि कित्येक घराणी ती चूक आजही वागवीत आहेत. आता लेखणी आपल्या हाती आली आहे. ती सावकाश, पण खात्रीने चालवावी, हीच विनंती.